कृमीत परकं जनुक घालणं सोपं, टिकवणं अवघड

ऑक्टोबर २०२४ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना जाहीर झालं. जनुकांना आवर घालणारे चिमुकले रेणू, म्हणजे सूक्ष्म आरएनए, त्यांनी एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत शोधले, एवढं बातम्यांत आलं. शोध लागला कसा, हे मात्र बहुतेक बातम्यांनी गाळलं.

अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेत कृमींचा एक सदोष वाण होता. या कृमींची वाढ बालपणातच घोटाळत राहायची, अंडी बाहेर टाकायचं द्वारच तयार व्हायचं नाही आणि पिल्लं आईच्या पोटातच अंड्यातून बाहेर यायची. दोष नेमका कुठल्या जनुकात आहे हे शोधायला निरोगी कृमीच्या डीएनएचे तुकडे या सदोष कृमींत टोचले गेले. ज्या तुकड्यामुळे पुढची पिढी नीट अंडी घालू लागली, त्यात ते जनुक असणार हे उघड होतं. तुकडा लहान करत करत डीएनएच्या ७०० रासायनिक अक्षरांच्या आसपास आणला, तरी दोष दूर होत होता. मग जवळच्या तीन वेगळ्या जातींच्या कृमींमधलं तेच जनुक आणून घातलं. त्यांनीही काम भागलं. चारही जनुकं शेजारी ठेवून ताडली, त्यांत मुद्दाम बिघाड करून पाहिले, तेव्हा उलगडा झाला: हे जनुक प्रथिन बनवतच नाही, त्यातून निघतो तो जेमतेम २२ अक्षरांचा आरएनए. हा शोधनिबंध १९९३ सालचा. त्यावर अँब्रोस यांच्या आधी रोझलिंड ली आणि रोंडा फाइनबाम यांची नावं आहेत. पारितोषिकात त्यांना वाटा नाही, ही गोष्ट मला तरी खटकते.

या शोधामागची कारागिरी म्हणजे बाहेरचा डीएनए कृमीत घालणं. गेली चाळीस वर्षं ती सुधारत आली आहे. आत घालायची अडचण फार लवकर सुटली. घातलेलं जनुक टिकवायचं कसं, ठरलेल्या जागी बसवायचं कसं आणि बोलतं, म्हणजे काम करतं, ठेवायचं कसं, यातच बाकीची वर्षं गेली.

## आधी कृमीची ओळख

डाळिंब, टोमॅटो किंवा हळद लावणाऱ्यांना सूत्रकृमी हा शब्द नवा नाही. मुळांवर गाठी आणणारे ते हेच. पण सूत्रकृमींच्या हजारो जाती आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ निरुपद्रवी आहेत. प्रयोगशाळेतला सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स हा त्यांतलाच. कुजक्या पालापाचोळ्यात राहतो, जिवाणू खातो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिजमध्ये त्याला हाताशी धरलं आणि १९७४ साली त्याच्या आनुवंशिकीवरचा पहिला मोठा शोधनिबंध छापला.

निवड हुशारीची होती. हा कृमी पारदर्शक आहे, त्यामुळे जिवंतपणीच आतली पेशी न् पेशी दिसते. अंड्यापासून अंडी घालणाऱ्या प्रौढापर्यंत त्याला तीनेक दिवस लागतात. अंडी आणि शुक्रपेशी बनवणाऱ्या पेशी सोडल्या तर प्रौढाच्या शरीरात ९५९ पेशी असतात, त्यांपैकी ३०२ मज्जापेशी. बहुतेक कृमी उभयलिंगी असतात: एकच जीव शुक्रपेशीही बनवतो आणि अंडीही, आणि जोडीदाराशिवाय ३०० च्या घरात पिल्लं देतो. आपल्या कामासाठी हे फार मोलाचं, कारण एका कृमीत घातलेलं जनुक पुढच्या पिढीत उतरवायला लग्न जुळवावं लागत नाही. शिवाय हे कृमी गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येतात आणि वितळवले की पुन्हा वळवळू लागतात.

शब्दांचा हिशेब एकदाच करून टाकू. डीएनए म्हणजे चार रासायनिक अक्षरांची लांब माळ. त्या माळेतला, एखादं प्रथिन किंवा कामाचा आरएनए (डीएनएवरून उतरवलेली छोटी प्रत) बनवण्याची कृती सांगणारा भाग म्हणजे जनुक. माळा गुंडाळून बनतात ती गुणसूत्रं. एलिगन्समध्ये त्यांच्या सहा जोड्या असतात. सगळी गुणसूत्रं मिळून जीनोम. एलिगन्सचा जीनोम सुमारे १० कोटी अक्षरांचा. बहुपेशीय प्राण्यांमध्ये सर्वांत आधी वाचून झाला तो हाच, १९९८ मध्ये.

## डीएनए आत जातो कसा?

सुईने. पण सुई कुठे खुपसायची, हे महत्त्वाचं.

कृमीच्या शरीरात बीजकोशाच्या दोन भुजा असतात, इंग्रजी यू अक्षरासारख्या वळलेल्या. त्यांच्या टोकाकडच्या भागात एक गंमत आहे. तिथे शेकडो केंद्रकं एकाच सामाईक द्रवात नांदतात, त्यांच्यामधल्या भिंती पूर्ण झालेल्या नसतात. पुढे सरकताना एकेका केंद्रकाभोवती भिंत पुरी होते आणि अंडं तयार होतं. त्यामुळे सामाईक द्रवात डीएनए सोडला की पुढे बनणाऱ्या अनेक अंड्यांत तो आपोआप जातो. एकेका अंड्याच्या मागे लागायला नको.

हे काम सूक्ष्मदर्शकाखाली हाताने चालतं. काचेची बारीक नळी तापवून, ओढून तिची सुई करतात. तोंड इतकं निमुळतं होतं की अनेकदा बंदच असतं. काचेच्या कडेला हलकेच घासून ते किंचित मोडावं लागतं. जास्त मोडलं तर कृमी फुटतो, कमी मोडलं तर द्रव निघत नाही. दुसरीकडे काचपट्टीवर अगरोज या जेलीसारख्या पदार्थाचा पातळ थर वाळवून ठेवलेला असतो, त्यावर तेलाचा थेंब. प्लॅटिनमच्या तारेने कृमी उचलून तेलात सोडायचा आणि हलकेच थराला टेकवायचा. वाळका थर कृमीच्या अंगची ओल शोषतो, म्हणून कृमी त्याला चिकटून बसतो. आता घाई. काही मिनिटांत काम उरकलं नाही तर तो वाळून मरतो. सुई बीजकोशात गेली की दाब द्यायचा. द्रवाची लाट भुजेतून सरकताना स्पष्ट दिसते, भुजा क्षणभर फुगते. लगेच खारट पाण्याचा थेंब टाकून कृमी मोकळा करायचा आणि जिवाणू पसरलेल्या बशीत सोडायचा. हात बसायला नवख्याला महिने लागतात, आणि ज्याचा बसला त्याच्याकडे अख्खी प्रयोगशाळा आपापली कामं घेऊन येते.

अशा टोचण्याने डीएनए पिढीतून पिढीत जाऊ शकतो, हे डॅन स्टिंचकोंब आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलं. पुढच्या वर्षी अँड्र्यू फायर यांनी थेट अंडपेशीच्या केंद्रकात टोचून काही वेळा जनुक गुणसूत्रात बसवूनही दाखवलं, पण ती करामत फार थोड्यांना जमणारी होती. रोजच्या वापराची पद्धत आली ती १९९१ मध्ये, क्रेग मेलो यांच्याकडून. त्या निबंधाच्या सहलेखकांतही अँब्रोस आहेत.

मेलो यांनी कामाच्या जनुकाबरोबर आणखी एक खुणेचं जनुक टोचायची रीत रूढ केली. ते आत गेलं की कृमी सरळ सरपटत नाही, स्वतःच्या अंगाभोवती गिरक्या घेत एकाच जागी गोल फिरतो. बशीत साध्या कृमींच्या नागमोडी रेषा दिसतात आणि टोचलेल्यांच्या पिल्लांची वर्तुळं. कुणात डीएनए गेला, हे त्यावरूनच कळतं.

## आत आलं, पण नाव लागलं का?

टोचलेला डीएनए कृमीच्या पेशीत गेला की त्याच्या प्रती एकमेकींना टोकाला टोक जोडून लांबलचक माळ बनते. तिच्यात शेकडो प्रती असू शकतात. पण ही माळ बहुधा कुठल्याच गुणसूत्रात शिरत नाही, वेगळीच राहते. गावात येऊन राहिलेला माणूस असावा आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव नसावं, तशी तिची अवस्था. काम करतो, घर चालवतो, पण केव्हा निघून जाईल याचा भरवसा नाही.

आपल्या पेशींत अशी भटकी माळ फार काळ तगणार नाही. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणारे धागे असतात, आणि माणसात ते गुणसूत्राच्या एका ठरावीक बिंदूलाच धरतात. तो बिंदू नसलेला डीएनए मागे पडतो. एलिगन्समध्ये मात्र हे धागे गुणसूत्राला लांबीभर कुठेही धरू शकतात. म्हणून बाहेरून आलेली माळही धरली जाते, ओढली जाते आणि पुढच्या पेशीत पोचते. कृमींमध्ये हे तंत्र इतकं सोपं ठरलं, त्यामागे बीजकोशाच्या रचनेइतकाच या गोष्टीचा हात आहे.

तरी प्रत्येक वेळी माळ पोचेलच असं नाही. एकाच कृमीच्या काही पेशींत ती असते, काहींत नसते. पिल्लांपैकीही काहींना मिळते, काहींना नाही. शिवाय प्रती किती, हे धड ठाऊक नसतं. एखाद्या जनुकाच्या शेकडो प्रतींमुळे कृमी आजारी पडला, तर दोष प्रथिनाचा की अतिरेकाचा?

## नाव लावण्याचे जुने उपाय

पहिला उपाय आडदांड. माळ असलेल्या कृमींवर गामा किंवा क्ष-किरण सोडायचे. गुणसूत्रं तुटतात, पेशी ती घाईघाईने सांधते आणि त्या सांधकामात कधीकधी माळही आत चिणली जाते. मग शेकडो पिल्लं चाळून, ज्याच्या सगळ्या वंशजांत खूण दिसते असा कृमी निवडायचा. नाव सातबाऱ्यावर लागलं खरं, पण कुठल्या गटात ते माहीत नाही. किरणांनी इतरत्र काय मोडलं तेही माहीत नाही, म्हणून पुढे साध्या कृमींशी पिढ्यान्‌पिढ्या संकर करून तो कचरा धुऊन काढावा लागतो.

दुसरा उपाय २००१ मध्ये व्हिडा प्रेटिस आणि सहकाऱ्यांनी मांडला: सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना डीएनए माखायचा आणि वायूच्या दाबाने ते कृमींच्या थरावर झाडायचे. यात प्रती थोड्याच जातात आणि काही वेळा थेट गुणसूत्रात बसतात. निवडीची युक्ती तर सुरेख आहे. यासाठी घेतलेले कृमी मुळातच एका जनुकाअभावी लुळे असतात. त्यांना नीट सरपटता येत नाही, उपासमारीत तग धरणारी सुप्तावस्थाही गाठता येत नाही. ते हरवलेलं जनुक सोन्यावरच्या डीएनएमध्ये जोडून दिलेलं असतं. गोळ्या झाडायच्या, बश्या ठेवून द्यायच्या आणि अन्न संपू द्यायचं. काही आठवड्यांनी जो जिवंत सरपटताना दिसेल, त्याच्यात डीएनए गेलेला आहे.

## एकच प्रत, ठरलेली जागा

खरा बदल झाला २००८ मध्ये, युटा विद्यापीठात एरिक योर्गेनसन यांच्या प्रयोगशाळेत. त्यासाठी मॉरिशसच्या एका फळमाशीतला, जागा बदलत फिरणारा डीएनएचा तुकडा वापरला गेला. हा तुकडा एलिगन्सच्या जीनोममध्ये ठराविक, माहीत असलेल्या जागी आधीच बसवलेले वाण तयार होते. त्याला बाहेर उडवणारं प्रथिन दिलं की तो निघून जातो आणि मागे गुणसूत्रात तूट राहते. तूट सांधताना पेशी नमुना शोधते, म्हणजे तुटीच्या दोन्ही बाजूंशी जुळणारा डीएनए. आपण तसाच नमुना पुरवायचा आणि त्याच्या मधोमध आपलं जनुक ठेवायचं. पेशी नक्कल करताना ते जनुकही उतरवून घेते. एक प्रत, गट नंबरासकट.

यात एकच अडचण होती: जागा तीच, जिथे फळमाशीचा तुकडा आधीपासून आहे. २०१३ मध्ये क्रिस्परने तीही सोडवली. क्रिस्परमध्ये कास९ नावाचं डीएनए कापणारं प्रथिन असतं आणि त्याला कुठे कापायचं ते सांगणारा आरएनए. त्या आरएनएतली २० अक्षरं बदलली की कापण्याची जागा बदलते. पुढचं तत्त्व आधीचंच: तूट पाडा, नमुना द्या, पेशीला सांधू द्या. आता कृमीच्या स्वतःच्या जनुकाच्या शेपटाला चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक जोडता येतं, त्यामुळे ते प्रथिन कुठे, केव्हा, किती बनतं हे जिवंत कृमीत बघता येतं.

सुई मात्र सुटली नाही. क्रिस्परचं मिश्रणही आजतागायत त्याच बीजकोशात, त्याच तेलाच्या थेंबाखाली टोचतात. आणि ज्यांना घाईने एखादी शंका तपासायची असते ते अजूनही १९९१ ची माळच करतात, कारण आठवड्याभरात उत्तर मिळतं.

## कृमी परक्याला ओळखतो

जनुक बसलं, तरी ते बोलेलच असं नाही. पुष्कळ प्रतींची माळ स्नायूत किंवा मज्जापेशीत छान चालते, पण अंडी आणि शुक्रपेशी बनवणाऱ्या बीजपेशींत मुकी होते. कारण सरळ आहे: बीजपेशीतला बिघाड पुढच्या सगळ्या पिढ्यांना भोवतो, म्हणून तिथला पहारा कडक. त्याच त्याच डीएनएच्या पुनरावृत्तीचा पेशीला संशय येतो. पाय-आरएनए नावाचे छोटे रेणू अनोळखी जनुकांना हेरतात आणि त्यांची तोंडं बंद करतात. एकच प्रत असली तरी कधीकधी हेच घडतं.

जनुकं अशी गप्प कशी होतात, हे शोधण्यातून जीवशास्त्राला मोठा ठेवा मिळाला. दुपदरी आरएनए कृमीत टोचला की त्याच्याशी जुळणारं जनुक गप्प होतं, हे फायर आणि मेलो यांनी १९९८ मध्ये दाखवलं आणि २००६ चं नोबेल मिळवलं. डीएनए टोचण्याची पद्धत घडवणारी हीच ती माणसं.

पहारा चुकवण्याचे मार्गही निघाले. १९९७ मध्ये असं दिसलं की माळेत नुसत्या आपल्या जनुकाच्या प्रती न घेता जीनोमचे सरमिसळ तुकडे मिसळले, तर ती बीजपेशींत जास्त काळ बोलती राहते. नंतर ख्रिश्चन फ्रोक्याअर-येन्सन यांनी २०१६ मध्ये दाखवलं की कृमीच्या स्वतःच्या बीजपेशींतल्या जनुकांत ठराविक अंतराने येणारे ए आणि टी अक्षरांचे पुंजके असतात. बाहेरच्या जनुकात असे पुंजके पेरले की ते घरचं मानलं जातं. आज परकं जनुक मागवताना ते कृमीच्या बोलीत लिहून घेणं हा कामाचा नेहमीचा भाग झाला आहे.

## ‘कृमीत काही घडलं म्हणून माणसाचं काय?’

ही शंका रास्त आहे. कृमीत लागू पडलेलं औषध माणसात लागू पडेल, असं कुणी सांगत असेल तर सावध राहावं. अल्झायमरशी संबंधित मानवी अमायलॉइड प्रथिन १९९५ मध्येच कृमीच्या स्नायूंत बनवलं गेलं आणि असे कृमी पुढे लुळे पडतात. पण कृमीला स्मृतिभ्रंश झाला असं त्याला म्हणता येत नाही. प्रथिनाचे गठ्ठे कसे बनतात, कुठली जनुकं त्यांना अटकाव करतात, इतकंच तिथे विचारता येतं.

मूलभूत यंत्रणांचं मात्र वेगळं आहे. पेशींचा ठरवून होणारा मृत्यू रोखणारं माणसाचं एक जनुक, बीसीएल-२, कृमीत घातलं तर तिथेही ते पेशींना मरू देत नाही, हे १९९२ मध्ये दिसलं. माणूस आणि कृमी यांचे मार्ग कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी यंत्राचा सुटा भाग जुळला. मार्टिन चाल्फी यांनी जेलीफिशचं हिरवं चमकणारं जनुक कृमीच्या स्पर्श ओळखणाऱ्या मज्जापेशींत पेटवलं, ते १९९४ साल. त्याबद्दल २००८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही (टीआयएफआर) मज्जापेशींच्या लांब धाग्यांतून माल कसा वाहतो, हे अशा चमकणाऱ्या कृमींतच पाहिलं जातं.

आणि एक उदाहरण थेट आपल्या गोठ्यातलं. शेळ्यामेंढ्यांच्या पोटात रक्त पिणारा हिमोंकस नावाचा जंत असतो. अल्बेंडाझोलच्या कुळातल्या औषधांना तो अनेक ठिकाणी दाद देईनासा झाला आहे. का? १९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी असा एलिगन्स घेतला ज्याच्यावर हे औषध चालत नव्हतं आणि त्यात हिमोंकसचं ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचं जनुक घातलं. जनुक औषधाला बळी पडणाऱ्या जंताचं असेल, तर एलिगन्सही बळी पडू लागला. त्याच प्रथिनातलं २०० व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल (प्रथिनाच्या माळेतला एक मणी) बदललं की तो गुण जायचा. औषध निकामी होण्यामागे एवढासा फरक पुरतो, हे मेंढीला हात न लावता सिद्ध झालं. शाळेत मुलांना जंताची गोळी मिळते ती अल्बेंडाझोलचीच, म्हणून माणसांच्या जंतांतही आता अशाच बदलांवर नजर ठेवली जाते.

## ‘असे कृमी बाहेर निसटले तर?’

प्रयोग संपल्यावर बश्या दाबाच्या वाफेत निर्जंतुक करूनच टाकतात. भारतात अशा कामाला पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू आहेत आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या देखरेखीखालीच ते चालतं. चुकून एखादा मातीत गेलाच, तर गिरक्या घेणारा किंवा लुळा कृमी रानटी भाईबंदांपुढे फार टिकेल असं नाही, आणि भटकी माळ काही पिढ्यांत आपोआप गळते. एकच प्रत नीट बसवलेले कृमी मात्र तितके दुबळे नसतात. त्यांच्यासाठी भरवसा बशीच्या झाकणावर आणि शिस्तीवरच ठेवावा लागतो, हे मान्य करायला हवं. ते माणसाला किंवा पिकाला रोग देत नाहीत, इतकी गोष्ट आपल्या बाजूची.

## ‘मग हेच हत्तीरोगाच्या किंवा डाळिंबाच्या कृमीत का करत नाहीत?’

करायला निघालेत, पण गाडी इथे अडते. एलिगन्स बशीत वाढतो, परजीवी वाढत नाहीत. विदर्भात हत्तीरोग पसरवणारा वुचेरेरिया माणसाच्या लसिकावाहिन्यांत राहतो, मधला मुक्काम डासात करतो आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांत वाढत नाही. त्याच्यात जनुक घातलं तरी पुढची पिढी मिळवायची कुठून? म्हणून संशोधक त्याच्या ब्रुगिया नावाच्या नातेवाइकावर काम करतात, जो वाळवंटी उंदरांत वाढतो.

त्यातल्या त्यात वश झालेला परजीवी म्हणजे स्ट्राँगिलॉइडिस. कातडीतून शिरणाऱ्या या जंताची एक पिढी मातीत मोकळी जगते आणि तिच्या माद्यांचा बीजकोश बराचसा एलिगन्ससारखा असतो, त्यामुळे तीच सुई चालते. पेनसिल्व्हेनियात जेम्स लोक यांच्या गटाने हे बसवलं, आणि २०१२ मध्ये पतंगातल्या फिरत्या तुकड्याच्या मदतीने उंदरांवरच्या जातीत परकं जनुक वंशात टिकवूनही दाखवलं. पण वाण टिकवायला उंदीर लागतातच.

मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची तऱ्हा याहून कठीण. मादी फुगून मुळाच्या आतच रुतून बसते, आणि जमिनीत फिरणारं पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यात बीजकोश अजून तयारच नसतो. सुई खुपसायची कुठे? त्यामुळे इथे जनुक कृमीत घालण्याऐवजी झाडात घालून पाहिलं जातं. कृमीचं एखादं गरजेचं जनुक गप्प करणारा दुपदरी आरएनए झाडच बनवतं आणि मुळातून रस ओढताना कृमी तो स्वतःच पिऊन घेतो. ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपट्यात २००६ मध्ये अशा मुळांवरच्या गाठी बऱ्याच कमी झाल्या. शेतातल्या पिकात हे करायचं, तर ते पीकच जनुक बदललेलं ठरतं, आणि त्याच्या परवानगीची वाट प्रयोगशाळेतल्या बशीपेक्षा फार लांबची आहे.